आनुवंशिक सूज आणि रक्तातील ब्रॅडिकायनिनचा मार्ग

ओठ सुजले, पापण्या फुगल्या किंवा अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ किंवा ‘अ‍ॅलर्जी झाली’ असे म्हटले जाते, आणि बहुतेक वेळा तो अंदाज चुकीचा नसतो. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, त्यामुळे खाज सुटते, लालसर चट्टे येतात, आणि अँटीहिस्टामिनची गोळी घेतली की काही तासांत सारे ओसरते. मात्र काही मोजक्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक वेगळीच सूज आढळते. तिला खाज नसते, गांधी नसतात. ती मिनिटांत येत नाही, काही तासांत हळूहळू वाढते, साधारण दिवसभरात कळस गाठते आणि दोन ते पाच दिवसांनी आपोआप उतरते. अँटीहिस्टामिन, स्टेरॉइड आणि अ‍ॅड्रेनालिन या तिन्ही नेहमीच्या औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही. या विकाराला आनुवंशिक अँजिओइडिमा म्हणतात.

हातापायांवर किंवा चेहऱ्यावर येणारी सूज दिसते तरी. हीच सूज आतड्याच्या भिंतीला आली, तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण पोटात असह्य कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगते. अशा रुग्णांवर अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, आणि पोट उघडल्यावर अपेंडिक्स निरोगी निघाल्याच्याही. सर्वांत घातक जागा म्हणजे स्वरयंत्र. सुमारे निम्म्या रुग्णांना आयुष्यात एकदा तरी घशाचा झटका येतो, आणि श्वासमार्ग बंद झाला तर मृत्यू ओढवू शकतो. ज्यांचे निदान झालेले नसते त्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो, कारण त्यांच्यावर अ‍ॅलर्जीचे उपचार चालू राहतात आणि त्यात मोलाचा वेळ निघून जातो.

हा विकार साधारण ५० हजारांत एकाला असतो असे मानले जाते. १४० कोटींच्या देशात या हिशेबाने सुमारे २८ हजार रुग्ण असायला हवेत, आणि त्यांपैकी फार थोड्यांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक आहे. म्हणूनच ही सूज रक्तातील कोणत्या वाटेने येते, ती वाट शोधायला संशोधकांना इतकी वर्षे का लागली आणि ती सापडल्यावर उपचार कसे पालटले, हे नीट समजून घेणे मला फार गरजेचे वाटते. एकदा ही वाट समजली की कोणते औषध चालते, कोणते चालत नाही आणि कोणते टाळलेच पाहिजे, हे पाठ करावे लागत नाही.

जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८८२ साली अशा अचानक येणाऱ्या सुजेचे वर्णन केले, आणि विल्यम ऑस्लर यांनी १८८८ साली एका अमेरिकन कुटुंबाच्या पाच पिढ्यांची हकीकत मांडून हा विकार वंशपरंपरेने येतो हे दाखवून दिले. त्या काळी त्याचे मूळ मज्जातंतूंमध्ये आहे असे समजले जाई. ऑस्लर यांच्यानंतर जवळपास पाऊण शतक या समजुतीपलीकडे फारसे कोणी गेले नाही.

पुढचे कळण्यासाठी आधी रक्तद्रव्याची थोडी ओळख हवी. रक्तातील पेशी बाजूला काढल्या की उरणारा पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव्य, अर्थात प्लाझ्मा. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते, पण उरलेल्या अंशात शेकडो प्रथिने असतात. त्यांतील बरीच प्रथिने म्हणजे निष्क्रिय अवस्थेत फिरणारी विकरे, अर्थात एन्झाइम. एखादा संकेत मिळाला की पहिले विकर जागे होते, ते दुसऱ्याचा ठरावीक तुकडा तोडून त्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि पाहता पाहता एका रेणूपासून हजारो रेणू कामाला लागतात. रक्त गोठवणारी साखळी अशीच चालते. जंतूंशी लढणारी ‘कॉम्प्लिमेंट’ ही पूरक प्रथिनांची साखळी अशीच चालते. झालेली गुठळी विरघळवणारी साखळीही तशीच. चौथी साखळी त्यामानाने कमी परिचित आहे, ती म्हणजे संपर्क साखळी. ऋणभारित पृष्ठभागाशी, उदाहरणार्थ काचेशी, रक्ताचा संपर्क आला की ती सुरू होते, म्हणून तिचे हे नाव.

इतक्या वेगाने वाढणाऱ्या साखळ्यांना लगाम हवाच. यकृतात तयार होणारे सी-१ इनहिबिटर हे प्रथिन असा एक लगाम आहे, आणि ते एकाच साखळीपुरते मर्यादित नाही. कॉम्प्लिमेंट साखळीतील सुरुवातीची विकरे, संपर्क साखळीतील घटक १२ आणि कॅलिक्रेन, गोठण्यातील घटक ११, गुठळी विरघळवणारे प्लाझ्मिन, अशा अनेकांना ते कमीअधिक प्रमाणात आवरते. त्याची आवरण्याची पद्धत उंदीर पकडायच्या चापासारखी आहे. त्याच्या अंगावर एक लवचीक फास बाहेर काढलेला असतो. विकर त्याला भक्ष्य समजून तोडायला जाते, तोडताक्षणी फास आत ओढला जातो आणि विकर कायमचे अडकते. यात चापही खर्ची पडतो. एक विकर आवरायला एक रेणू, असा हा व्यवहार असल्यामुळे शरीराला या प्रथिनाचा साठा सतत भरत राहावे लागते. पुढे वंशपरंपरेचे गणित उलगडताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

१९६० च्या दशकाच्या आरंभी दोन शोध लागोपाठ लागले. नॅथानिएल लँडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवले की या रुग्णांच्या रक्तद्रव्यात कॅलिक्रेनला रोखण्याची ताकद कमी आहे. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी या रुग्णांत सी-१ इनहिबिटरची उणीव असल्याचे सिद्ध केले. वस्तुतः दोन्ही गट एकाच प्रथिनाच्या उणिवेकडे दोन बाजूंनी पाहत होते. पण त्या काळात सी-१ इनहिबिटर कॉम्प्लिमेंटचे रोधक म्हणून ओळखले जात होते, त्याचे नावच कॉम्प्लिमेंटच्या पहिल्या घटकावरून पडले होते, आणि रुग्णांच्या रक्तात सी-४ हा कॉम्प्लिमेंटचा घटक घटलेला आहे हे सहज मोजता येत होते. साहजिकच सूज कॉम्प्लिमेंटमधूनच येत असणार, कॉम्प्लिमेंटच्या सी-२ घटकाचा एखादा तुकडा रक्तवाहिन्यांना गळती लावत असणार, असा तर्क बळावला आणि पुढे दोनतीन दशके टिकला. जे मोजता येते त्याच्याकडेच लक्ष ओढले जाते, आणि जे मोजायला अवघड असते ते खरे कारण असले तरी मागे पडते, याचे इतके ठळक उदाहरण मला वैद्यकात क्वचितच दिसले आहे.

मोजायला अवघड होते ते ब्रॅडिकायनिन. त्याचा शोध ब्राझीलच्या साओ पावलो शहरातील जीवशास्त्र संस्थेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस लागला. मॉरिसिओ रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्डो आणि गॅस्तांव रोझेनफेल्ड हे तेथे जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करत होते. कुत्र्याच्या रक्तद्रव्यात हे विष मिसळले की त्यात एक नवा पदार्थ तयार होतो, तो रक्तदाब खाली आणतो आणि गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्याला हळूहळू आकुंचन पावायला लावतो, हे त्यांना आढळले. तो पदार्थ म्हणजे अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ब्रॅडिकायनिन ही साखळी. ती विषातून येत नाही, विषातील विकरे ती रक्तद्रव्यातल्याच कायनिनोजेन नावाच्या मोठ्या प्रथिनातून कापून काढतात. आपल्या शरीरात हेच कापण्याचे काम कॅलिक्रेन करते.

कॅलिक्रेन आणि त्याच्या सोबत्यांची ओळख पटली तीही विलक्षण रीतीने. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जॉन हेगमन या रेल्वे कर्मचाऱ्याविषयी लिहिले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त काचेच्या नळीत फार उशिरा गोठत होते, पण आयुष्यात त्यांना जास्त रक्तस्राव होण्याचा त्रास कधी झाला नव्हता. त्यांच्या रक्तात जो घटक नव्हता तोच आज घटक १२ म्हणून ओळखला जातो. १९६५ साली केंटकी राज्यातील फ्लेचर आडनावाच्या कुटुंबातील भावंडांमध्ये असेच आढळले, आणि पुढच्या दशकात कळले की त्यांच्यात प्रीकॅलिक्रेन, म्हणजे कॅलिक्रेनचे निष्क्रिय रूप, नाही. १९७५ च्या सुमारास उच्च रेणुभाराच्या कायनिनोजेनची उणीव असलेली माणसेही अशीच सापडली. तीन घटक, तिन्ही नसलेली माणसे, आणि तिन्ही प्रकारांत प्रयोगशाळेत रक्त उशिरा गोठते, पण ती माणसे मात्र ठणठणीत. त्या वेळी या निरीक्षणाकडे गोठण्याच्या शास्त्रातले एक कोडे म्हणून पाहिले गेले. त्यात भावी उपचाराची जागा दडलेली आहे, हे कळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

या तुकड्यांची सांधणी अशी होते. घटक १२ पृष्ठभागाशी आला की थोडा जागा होतो. तो प्रीकॅलिक्रेनचे कॅलिक्रेन करतो. कॅलिक्रेन उलटून आणखी घटक १२ जागा करते, आणि त्यामुळे पहिल्या ठिणगीपेक्षा कितीतरी मोठा भडका उडतो. शिवाय कॅलिक्रेन कायनिनोजेनमधून ब्रॅडिकायनिन कापून मोकळे करते. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरील बी-२ या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटते, पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होते, पेशी आकसतात, त्यांच्यातील सांधे सैल पडतात, आणि रक्तद्रव्य बाहेरच्या ऊतींमध्ये झिरपते. हीच ती सूज. निरोगी माणसात सी-१ इनहिबिटर घटक १२ आणि कॅलिक्रेन या दोघांनाही वेळीच पकडतो, म्हणून दात काढताना, धक्का लागला असता किंवा एखाद्या संसर्गात ठिणगी पडली तरी ती तिथेच विझते. ज्याच्याकडे हे प्रथिन अपुरे असते, त्याच्यात ती विझत नाही. या सगळ्यात हिस्टामिन कुठेच येत नाही, आणि अ‍ॅलर्जीची औषधे निष्प्रभ ठरतात ती यामुळेच.

पण हे सिद्ध करायचे कसे? ब्रॅडिकायनिन रक्तात अर्ध्या मिनिटाहूनही कमी काळ टिकते, कारण अँजिओटेन्सिन रूपांतरक विकर आणि इतर विकरे त्याचे लगेच तुकडे करतात. दुसरीकडे, रक्त काचेच्या नळीत घेतले की संपर्क साखळी नळीतच सुरू होते आणि ब्रॅडिकायनिन नव्याने बनू लागते. म्हणजे खरे असलेले नाहीसे होते आणि नसलेले तयार होते. रक्त काढतानाच ते अतिथंड अल्कोहोलसारख्या द्रावणात किंवा विकरे रोखणाऱ्या रसायनात झेलणे, नळ्यांची निवड काळजीपूर्वक करणे, अशी शिस्त बसेपर्यंत आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. अखेर १९९८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधील युर्ग नुसबर्गर आणि इटलीतील मिलानच्या वैद्यांनी मिळून दाखवून दिले की झटक्याच्या वेळी रुग्णांच्या रक्तात ब्रॅडिकायनिन खरोखरच वाढलेले असते. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. सुजलेल्या अवयवातून परतणाऱ्या शिरेतील रक्त आणि दुसऱ्या ठिकाणचे रक्त यांची तुलना केली, तेव्हा सुजेच्या बाजूला ब्रॅडिकायनिन अधिक आढळले. ते त्या जागीच बनत होते.

मला स्वतःला याहून अधिक पटणारा पुरावा एका अमेरिकन कुटुंबाचा वाटतो, ज्याचे वर्णन १९९४-९५ मध्ये प्रसिद्ध झाले. या कुटुंबातील सी-१ इनहिबिटरमध्ये एका जागी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले होते. या बदलामुळे ते प्रथिन कॉम्प्लिमेंटच्या विकरांना नीट रोखू शकत नव्हते, पण घटक १२ आणि कॅलिक्रेन यांना रोखण्याची त्याची ताकद शाबूत होती. त्यांच्या रक्तात कॉम्प्लिमेंट बिघडलेले दिसत होते. सूज मात्र कोणालाच येत नव्हती. सूज कॉम्प्लिमेंटमधून येत असती, तर हे कुटुंब आजारी असायला हवे होते. २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगाने उरलीसुरली शंका घालवली. सी-१ इनहिबिटर नसलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांतून रंगद्रव्य अधिक झिरपत होते, पण त्याच उंदरांतून बी-२ ग्राहीही काढून टाकल्यावर ती गळती थांबली.

सी-१ इनहिबिटर बनवणारे जनुक, सर्पिंग-१, अकराव्या गुणसूत्रावर आहे. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि या विकारात त्यांपैकी एकच बिघडलेली पुरते, म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे २० ते २५ टक्के रुग्णांत आईवडील निरोगी असतात आणि बदल नव्यानेच झालेला असतो. तेव्हा घरात कोणालाच असा त्रास नाही, एवढ्यावरून हे निदान बाद करता येत नाही. जवळपास ८५ टक्के रुग्णांत प्रथिनाचे प्रमाणच कमी असते, आणि हा पहिला प्रकार. उरलेल्या बहुतेकांत प्रथिन भरपूर असते पण काम करत नाही, हा दुसरा प्रकार, जो फ्रेड रोझेन यांच्या गटाने १९६५ मध्ये दाखवला. केवळ प्रमाण मोजणारी चाचणी अशा रुग्णात फसते.

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. एक प्रत चांगली आहे तर प्रथिन निम्मे तरी असायला हवे. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात ते अनेकदा पाच ते तीस टक्क्यांवर आलेले असते. एक कारण चापाच्या व्यवहारात आहे. साठा तोकडा पडला की विकरे मोकाट सुटतात, त्यांना आवरण्यात उरलेले रेणूही भराभर खर्ची पडतात, आणि पातळी आणखी घसरते. दुसरे कारण डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये पुढे आणले. काही उत्परिवर्तनांमध्ये सदोष प्रथिन पेशीच्या आतच गोळा होते आणि चांगल्या प्रतीने बनवलेल्या प्रथिनालाही सोबत अडकवून ठेवते, त्यामुळे तेही बाहेर पडू शकत नाही.

सारे उलगडले असे वाटत असतानाच २००० साली जर्मनीतील कोनराड बोर्क यांनी अशी कुटुंबे समोर आणली, ज्यांत सूज तशीच, वंशपरंपराही तशीच, पण सी-१ इनहिबिटर पूर्णपणे निर्दोष. त्यांत स्त्रियांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते, आणि गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर झटके वाढत होते. २००६ मध्ये त्यांपैकी काही कुटुंबांत घटक १२ च्या जनुकात बदल आढळला. या बदलामुळे घटक १२ वर प्लाझ्मिनला तोडता येईल अशी एक नवी जागा तयार होते, आणि लगाम जागेवर असूनही तो सहज जागा होतो. इस्ट्रोजेन यकृतात घटक १२ ची निर्मिती वाढवते, त्यावरून स्त्रियांना होणाऱ्या अधिक त्रासाचाही उलगडा होतो. त्यानंतर २०१८ मध्ये प्लाझ्मिनोजेन (प्लाझ्मिनचे निष्क्रिय रूप) आणि अँजिओपॉयटिन-१, आणि २०१९ मध्ये खुद्द कायनिनोजेन यांच्या जनुकांत असे बदल सापडले. प्लाझ्मिनोजेनच्या प्रकारात जीभ सुजण्याचे प्रमाण विशेष असते. तेथे बदललेले प्लाझ्मिन कॅलिक्रेनची वाट न पाहता थेट कायनिनोजेनमधून ब्रॅडिकायनिन कापू शकते, असे २०२२ मधील प्रयोगांनी दाखवले आहे. अँजिओपॉयटिनचा प्रकार मला फार बोलका वाटतो, कारण हे प्रथिन संपर्क साखळीचा भाग नाही. ते रक्तवाहिनीच्या अस्तरातील सांधे घट्ट ठेवते. म्हणजे ब्रॅडिकायनिन जास्त झाले काय किंवा अस्तर मुळात कमकुवत असले काय, दोन्हींचा शेवट एकाच गळतीत होतो.

आता उपचारांकडे. जुने औषध डॅनाझोल हे पुरुषी संप्रेरकाच्या जातीचे आहे. त्याने झटके कमी होतात हे १९७६ मध्ये नियंत्रित चाचणीतून सिद्ध झाले, आणि उपचारादरम्यान रुग्णांच्या रक्तातील सी-१ इनहिबिटर वाढलेला दिसला. पण वजन वाढणे, पाळी बिघडणे, चेहऱ्यावर केस येणे, यकृतावर ताण, असे त्याचे परिणाम आहेत, आणि गरोदरपणात ते देताच येत नाही. दान केलेल्या रक्तद्रव्यापासून शुद्ध केलेला सी-१ इनहिबिटर शिरेतून देणे हा त्याहून सरळ उपाय, म्हणजे जे कमी आहे तेच भरून काढणे. त्यानंतरची औषधे मात्र साखळीच्या एकेका कडीवर नेम धरून बनवली गेली. इकॅटिबँट बी-२ ग्राहीची जागा अडवते, त्यामुळे ब्रॅडिकायनिन असले तरी त्याला चिकटायला जागा मिळत नाही. झटका सुरू झाल्यावर रुग्ण ते स्वतः पोटाच्या त्वचेखाली टोचून घेऊ शकतो. लॅनाडेलुमॅब हे कॅलिक्रेनला पकडणारे प्रतिपिंड आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे झटके नुसत्या औषधहीन इंजेक्शनच्या तुलनेत ८७ टक्क्यांनी घटले. बेरोट्रालस्टॅट ही कॅलिक्रेन रोखणारी रोज घ्यायची कॅप्सूल आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सेबेट्रालस्टॅट हे झटका आल्यावर तोंडावाटे घ्यायचे पहिले औषध. त्याच वर्षी तेथे गॅराडॅसिमॅब आणि डोनिडालोर्सेन यांनाही मान्यता मिळाली. पहिले साखळीच्या मुळाशी जाऊन जागृत घटक १२ लाच अडवते, आणि दुसरे यकृतात प्रीकॅलिक्रेनचा निरोप वाहणारा आरएनएच नष्ट करते.

येथे हेगमन आणि फ्लेचर कुटुंबाचे महत्त्व कळते. एखादे विकर औषधाने जवळजवळ बंद पाडायचे, तर ते बंद पडल्याने माणसाचे काय होईल ही भीती असतेच. घटक १२ आणि प्रीकॅलिक्रेन जन्मतःच नसलेली माणसे ठीकठाक जगतात हे आधीच ठाऊक होते, म्हणूनच या दोन कड्यांवर इतक्या निर्धास्तपणे काम करता आले. याच विश्वासावर आता जनुक संपादनही चालू आहे. एकदाच सलाइनमधून द्यायच्या या उपचारात मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबांतून क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राची सामग्री यकृतात पोहोचते आणि प्रीकॅलिक्रेनचे जनुक तोडून टाकते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ५० मिलिग्रॅमचा डोस मिळालेल्या ११ जणांपैकी ८ जणांना पुढच्या १६ आठवड्यांत एकही झटका आला नाही. संख्या लहान आहे, आणि जनुकातला हा बदल परत फिरवता येत नाही. त्यामुळे या लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागेल, आणि तरुण रुग्णाने हा निर्णय घाईने घेऊ नये असे माझे मत आहे.

भारतात या नव्या औषधांची उपलब्धता आणि किंमत ही मोठी अडचण आहे. दीर्घकाळ येथील भिस्त डॅनाझोल, ट्रॅनेक्झामिक आम्ल आणि रक्तपेढीत गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा यांवरच राहिली आहे. अशा प्लाझ्मामध्ये सी-१ इनहिबिटर असतो, म्हणून तो उपयोगी पडतो. त्यात कायनिनोजेन आणि प्रीकॅलिक्रेनही असतात, त्यामुळे क्वचित सूज वाढण्याची शक्यता लक्षात घेऊन तो देताना रुग्णाच्या श्वासमार्गावर सतत नजर ठेवावी लागते. घशात सूज जाणवू लागली, आवाज बदलला किंवा गिळता येईनासे झाले, तर घरी वाट पाहू नये. जेथे श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय आहे अशा रुग्णालयात तातडीने जावे आणि हा आजार असल्याचे लेखी कार्ड सोबत ठेवावे.

आणखी एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे, आणि ती याच मार्गातून निघते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या अँजिओटेन्सिन रूपांतरक विकराला रोखतात. हेच विकर ब्रॅडिकायनिनचे तुकडे करत असते. ते थांबले की ब्रॅडिकायनिन साचते, आणि म्हणून हा आनुवंशिक विकार नसलेल्या काही लोकांनाही या गोळ्यांमुळे ओठांची किंवा जिभेची सूज येते, कधी कधी गोळी सुरू करून महिने उलटल्यावरही. या गटाची पहिली गोळी ज्या संशोधनातून निघाली, त्याचा उगमही साओ पावलोच्या त्या जराराका सापाच्या विषातच होता. ज्यांना आनुवंशिक अँजिओइडिमा आहे त्यांनी या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, आणि दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आजाराची कल्पना देऊन प्रतिबंधक उपचार घ्यावेत.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे. खाज आणि गांधी नसलेली, वारंवार येणारी आणि अ‍ॅलर्जीच्या औषधांना न जुमानणारी सूज असेल, विशेषतः लहानपणी किंवा वयात येताना ती सुरू झाली असेल, तर सी-४ ची रक्तचाचणी करून घ्यावी. शहरांतील बहुतेक मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत ती होते, आणि पहिल्या दोन प्रकारांत सी-४ बहुधा झटका नसतानाही कमी असतो. तो कमी आला तर सी-१ इनहिबिटरचे प्रमाण आणि त्याची कार्यक्षमता या दोन्ही चाचण्या कराव्यात, एकच करून थांबू नये. सी-१ इनहिबिटर निर्दोष असलेल्या तिसऱ्या प्रकारात या सर्व चाचण्या निर्दोष येतात आणि जनुकीय तपासणीखेरीज खात्री होत नाही. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेत अशा रुग्णांवर दीर्घकाळ काम झाले आहे, आणि मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांच्या चाचण्या व अभ्यास करते. घरात एकाचे निदान झाले की त्याचे आईवडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी करावी, त्यांना आजवर एकदाही सूज आलेली नसली तरी. तान्ह्या बाळाची चाचणी पहिल्या वर्षात फसवी येऊ शकते, म्हणून वर्ष पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करावी लागते, आणि तोवर ते बाळ रुग्ण आहे असे गृहीत धरून त्याची काळजी घ्यावी.